भिंत कोरडी होती

पौष लागला की इंदूरच्या रस्त्यांवर गराडू दिसू लागतात. कढईत तळून काढलेल्या कंदाच्या फोडी, वर जीरावन मसाला आणि पिळलेलं लिंबू. राजेंद्र नगरातल्या आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी तो वास सुटतो आणि घरातली मंडळी खाली उतरतात. मी उतरत नाही. दात साथ देत नाहीत असं सांगतो, आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की या महिन्यात मला कशाचीच चव लागत नाही, आणि हे दात जायच्या फार आधीपासूनचं आहे. याला आता पन्नास वर्षं होत आली.

आमच्याकडे पौषात लग्नं-मुंजी होत नाहीत. मांडव नाही, आहेर नाही, पंगती नाहीत. त्यामुळे आमच्या शाळेतल्या शिक्षकांची वार्षिक सहल नेहमी पौषातल्याच रविवारी निघायची. माळव्यातल्या त्या सकाळी अजून डोळ्यांसमोर आहेत. गहू गुडघ्याएवढा झालेला, हरभऱ्याच्या शेतांवर दव, आणि ठरवलेल्या बसच्या काचा आतून धुरकट. प्रत्येकीच्या डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. मुख्याध्यापक मोघे सर पुढच्या सीटवर, कानांभोवती मफलर गुंडाळून, देवाला निघाल्यासारखे गंभीर. मराठी शिकवणाऱ्या कर्णिक बाई मधल्या रांगेत. त्यांच्या जिभेला सगळे भ्यायचे आणि त्यांच्याच शेजारी बसायला धडपडायचे. मी पंचवीस वर्षांचा नवा ड्रॉइंग मास्तर. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

त्या वर्षी सहल बाघच्या गुंफांना गेली. ठिकाण मी सुचवलं होतं.

धार मागे पडलं की रस्ता हळूहळू उतरू लागतो. काळी माती संपते, टेकड्या येतात, ताडाची झाडं येतात. बाघ गावापासून थोडं पुढे एक उथळ नदी आहे आणि पलीकडच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी कोरलेल्या गुंफा आहेत. मधोमध दालन, भोवती भिक्षूंच्या खोल्या, मागे अंधारात स्तूप. दगड ठिसूळ, त्यामुळे खांबांचे तुकडे जमिनीवर पडलेले. आत उभ्या असलेल्या मूर्तींना तिथले लोक पांडव म्हणतात, आणि त्यांना कुणी काही वेगळं सांगितलं तर ऐकून घेतात आणि पुन्हा पांडवच म्हणतात. एका गुंफेची ओसरी केव्हाच कोसळली होती. तिच्या मागच्या भिंतीवर तेव्हा चित्रं होती. आता नाहीत. उरलेली चित्रं नंतर भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली.

मी विद्यार्थी असताना एकदा तिथे गेलो होतो. त्या दिवशी कुणीतरी ओल्या कापडाने भिंत पुसली आणि धुरकट डागांतून एक स्त्री वर आली. एका हाताने चेहरा झाकून रडणारी, आणि तिच्याकडे वाकलेली तिची सखी. तेवढ्यावर मी चित्रकार व्हायचं ठरवलं असं मी लोकांना सांगत असे. झालो ड्रॉइंग मास्तर.

गुंफांचा चौकीदार थावरिया नावाचा एक भिल्ल होता. चाळिशीचा, काटक, डोक्याला पांढरा साफा. आम्ही ओसरीत चढताच त्याने मला बाजूला घेतलं. हातात रंगाची पेटी असलेला मीच होतो म्हणून असेल.

"देखो जितना देखना है, माटसाब. पर पानी मत मारना. दीवार पी जाती है, फिर उगलती है."

मी मान डोलावली.

चार तास बसमध्ये मी त्या रडणाऱ्या बाईचं वर्णन करत आलो होतो. आता सगळे भिंतीसमोर उभे होते आणि भिंतीवर काजळी, ओल आणि पोपडे यांशिवाय काही दिसत नव्हतं.

"मास्तर," कर्णिक बाई म्हणाल्या, "तुमची बाई कुठंय हो? मला तर इथे आमच्या चुलीमागची भिंत दिसतेय."

"अहो, त्यांचं वय आहे," मोघे सर म्हणाले. "त्यांना कुठल्याही भिंतीवर बाई दिसणार."

सगळे हसले. मीही हसलो. पण कान तापले ते मला आठवतं. मी थावरियाला म्हणालो, "काकाजी, सरांचा थर्मास बसमध्ये राहिला, जरा आणता का?" बस नदीच्या पलीकडे होती. तो लगेच निघाला. पाहुण्याने काही मागावं आणि आपण नाही म्हणावं, हे त्याच्या रीतीत नव्हतं. तो पाण्यात उतरलेला दिसला तशी मी पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली आणि रुमाल भिजवला.

आधी भिंत नुसती काळी पडली. मग गेरूचा लाल रंग आला, मग हिरवा, मग केसांच्या कडेने एक निळी रेघ. बोटं आली. बोटांमागचा कपाळाचा उतार आला. सखीचा वाकलेला खांदा आला. पाण्याचे ओघळ तिच्या हातावरून खाली येत होते.

"अगं बाई," कर्णिक बाई हळूच म्हणाल्या, "ही तर आत्ता रडतेय."

तिथे थांबलो असतो तर कदाचित काही झालंही नसतं. पण बाईंच्या तोंडून ते वाक्य आल्यावर मला ती स्त्री मीच काढल्यासारखी वाटू लागली. मी बाटली सरळ भिंतीवर रिकामी केली. रंग आणखी उजळले. मग पापड मोडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि पोळीएवढा गिलावा सुटून खाली आला. चेहरा, हात, निळी रेघ, सगळं त्यात होतं. भिंतीवर पिवळट मातीचा एक गोल उरला आणि सखी त्या गोलाकडे वाकून पाहत होती.

थावरिया थर्मास छातीशी धरून आला. काच फुटू नये म्हणून तो नदी फार जपून ओलांडत होता, हे मी वरून पाहिलं होतं. त्याने जमिनीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आमच्यापैकी कुणाच्याही तोंडाकडे त्याने पाहिलं नाही. तो खाली बसला, साफा सोडला आणि चिमूट चिमूट करून ते तुकडे त्यात गोळा करू लागला. "बाई गई," एवढंच म्हणाला. मोघे सरांनी त्याच्या बाजूला ठेवलेला थर्मास उचलला आणि आम्ही खाली उतरलो. परतीच्या बसमध्ये दशम्या तशाच राहिल्या.

आठवड्याभरात पुरातत्त्व खात्याकडून शाळेला विचारणा आली. मोघे सरांनी मला खोलीत बोलावलं. "मास्तर, तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. शाळेचंही नाव आहे. उत्तर तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे." काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात हे सगळं त्यांच्यावर ढकलत आलो. शब्द मला सुचले. मी शुद्ध हिंदीत दोन वाक्यं लिहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा भिंत ओली होती. घटनेच्या वेळी चौकीदार जागेवर नव्हता.

पहिलं वाक्य खोटं होतं. दुसरं खरं होतं, आणि त्यानेच जास्त नुकसान केलं.

सगळ्यांनी सह्या केल्या. कर्णिक बाईंनी सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर त्या शाळेत वीस वर्षं होत्या. त्यांनी माझी थट्टा पुन्हा कधी केली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी कळलं की बाघच्या चौकीदाराला काढून टाकलं. मी त्याच महिन्यात कायम झालो.

वयामुळे माणूस काय काय विसरतो. मला मुलांच्या जन्मवेळा आठवत नाहीत, लग्नातला माझा कोट कुठल्या रंगाचा होता ते आठवत नाही. पण पौषातल्या कोवळ्या उन्हात कुठेही ओली भिंत दिसली, नुसता कुणी ओटा धुतला आणि पाणी भिंतीला लागलं, तरी मला ते गोळा करणारे हात दिसतात. नखांत माती, आणि चिमटीत एवढासा निळा रंग. मी तीस वर्षं मुलांना जलरंग शिकवले. कागद किती भिजवावा हे सांगताना माझा आवाज चढायचा. मुलं म्हणायची, सर पाण्याच्या बाबतीत फार कडक आहेत.

घरात माझ्याविषयी एक कौतुकाची गोष्ट तयार झाली होती. आबा बाघला जात नाहीत. चित्रं गेल्यावर उघड्या भिंती त्यांना बघवत नाहीत, कलावंताचं मन आहे. ही गोष्ट मी सांगितली नाही, पण खोडलीही नाही. पाहुण्यांसमोर सून ती सांगायची आणि मी खिडकीबाहेर बघायचो. ते बघणंही त्या गोष्टीत शोभून दिसायचं.

या पौषात नात म्हणाली, "आबा, संडेला बाघ चलायचं? मी ड्राइव्ह करते. सकाळी निघू, शामपर्यंत वापस." इरा विजय नगरला एका कंपनीत काम करते. आठवडाभर तिला मान वर करायला फुरसत नसते.

"अगं, त्यांना नको गळ घालूस," सून म्हणाली. "त्यांना त्रास होतो."

मी म्हणालो, "येतो."

का म्हणालो याचं थोर उत्तर माझ्याकडे नाही. मोघे सर गेले. कर्णिक बाई गेल्या. त्या कागदावर सही केलेल्यांपैकी मी एकटा उरलो आहे. आता खरं सांगितलं तर कुणाचीच नोकरी जात नाही. म्हणून याला कुणी धैर्य म्हणू नये.

सरदारपूर मागे पडल्यावर मी इराला सगळं सांगितलं. ती ऐकत गाडी चालवत राहिली. मी संपवलं तेव्हा तिने गाडीचा वेग थोडा कमी केला. मला वाटलं, आता म्हणेल की आबा, जाऊ द्या, किती वर्षं झाली. घरातल्या कुणीही तेच म्हटलं असतं.

"त्यांचं फॅमिलीतलं कुणी असेल ना तिथे?" तिने विचारलं.

"असेल."

"मग आपण भिंत बघायला कशाला चाललोय?"

तरी आधी गुंफेतच गेलो. माझे पाय तिकडेच वळले. पायऱ्या आता बांधलेल्या आहेत, कठडा आहे, तिकीट आहे. भिंतीवर कुठे रंगाची पुसट छटा, बाकी सगळं दुरुस्त केलेलं, कोरडं, नीटनेटकं. तो गोल कुठे होता ते मला सांगता येईना. पन्नास वर्षं जी जागा डोळ्यांसमोर होती ती तिथे गेल्यावर सापडली नाही, आणि मी हरवल्यासारखा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिलो.

मग आत, दालनात बसलो. दगडाचा गारवा धोतरातून वर चढत होता. भोवतीच्या खोल्यांची काळी दारं. शाळेच्या ग्रंथालयात मी कधीतरी वाचलं होतं की अशा विहारांमध्ये पंधरवड्यातून एकदा सगळे भिक्षू एकत्र बसत. एक जण नियम म्हणून दाखवी आणि तीन वेळा विचारी की तुम्ही या बाबतीत शुद्ध आहात ना. ज्याच्याकडून चूक झाली असेल त्याने बोलावं. जो गप्प राहील तो शुद्ध मानला जाई.

वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या दिवशी त्याच दगडावर बसल्यावर वाटलं, ही रीत घालणारे लोक भाबडे नव्हते. गप्प बसून सुटता येतं हे त्यांना चांगलं ठाऊक असणार. म्हणून तर तीनदा विचारायचे. प्रत्येक वेळी नव्याने गप्प बसावं लागे, आणि बाजूला बसलेल्यांना काही कळलं नाही तरी स्वतःला मोजता येई की आज आपण किती वेळा गप्प बसलो. माझी मोजणी कधीच सुटली होती.

आताचा चौकीदार तरुण होता. इराने त्याला थावरियाचं नाव विचारलं. "वो तो गए बहुत साल हुए. उनकी बेटी है, रूमली. नदी पे मिलेगी, छापे का कपड़ा सुखाती है."

बाघमध्ये लाकडी ठशांनी कापड छापतात आणि नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. आम्ही उतरलो तेव्हा काठावरच्या दगडांवर लाल-काळं कापड लांबच लांब पसरलेलं होतं आणि एक साठीची बाई वाकून त्याच्या कडांवर गोटे ठेवत होती. इराने सांगितलं की आबांना तुमच्या वडिलांविषयी बोलायचं आहे. रूमली उभी राहिली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्टर हो?"

मी हो म्हणालो. कसं ओळखलं ते विचारायचं धैर्य झालं नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. पाणी मी मारलं. त्यांना मी पाठवलं होतं. भिंत कोरडी होती, ओली होती असं मी लिहिलं. माझं हिंदी अडखळत होतं, इंदुरात जन्म जाऊनही. ती ऐकत होती. शेवटी ती कापडाच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून बसली.

"एक साहब आया था उसके एक दिन पहले," ती म्हणाली. "उसने बापू से जबरदस्ती पानी डलवाया. थोड़ा सा. फिर आपका कागज आया. बापू को पढ़ के सुनाया, कि दीवार गीली थी. बापू बोले, मास्टर लोग झूठ थोड़े बोलते हैं. गीली थी तो मेरी ही की हुई होगी. दीवार ने रात भर पानी रखा और सुबह बाई को गिरा दिया."

एवढं बोलून तिने कापडावरचा एक गोटा सरळ केला.

"मरने तक यही बोलते रहे, बाई को मैंने गिराया."

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी एका माणसाची नोकरी घालवली. त्याला ठाऊक असेल की आपण निर्दोष आहोत, तो मला शिव्या देत असेल, अशी माझी समजूत होती, आणि त्या शिव्यांचा मला एक प्रकारचा आधारही होता. त्याने एकही शिवी दिली नव्हती. माझं पाप त्याने स्वतःचं समजून जपलं आणि ते घेऊनच तो गेला. माझ्या अक्षरावर त्याचा विश्वास बसला होता.

रूमली उठली. "मेरे को बोल के क्या होगा. काका को बोलो."

नदीपासून थोड्या चढावर त्यांची वस्ती होती. वाटेत महुव्याच्या झाडाखाली ओळीने दगड उभे होते, कमरेएवढे, प्रत्येकावर घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला आणि वर चंद्र-सूर्य. गेलेल्या माणसांचे दगड. त्यांच्यात त्याला गाता म्हणतात. गाता बसला की मेलेला माणूस आपल्या माणसांत येऊन बसला असं मानतात. रूमलीने बोटाने दाखवलं. हे आजोबा, हे मोठे काका, हा माझा भाऊ. भाऊ आणि मोठे काका यांच्यामध्ये एका दगडाची जागा रिकामी होती.

"बापू मना कर गए. बोले, मेरा पत्थर मत बैठाना. जिसने बाई को गिराया उसका पत्थर खड़ा अच्छा नहीं लगता."

थावरियाचा धाकटा भाऊ भूरला बाहेर उन्हात खाटेवर बसला होता. ऐंशीच्या आसपासचा, एका डोळ्यात फूल पडलेलं. शेजारपाजारची पाच-सहा माणसं जमली. मी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी शब्द कमी लागले.

भूरलाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "तब क्यों नहीं बोला?"

"नौकरी जाती," मी म्हणालो.

"नौकरी तो उसकी भी थी."

त्याचा आवाज चढला नव्हता. कोंबड्या दाणे टिपत होत्या. इरा माझ्यापासून दोन पावलं दूर उभी होती आणि जवळ आली नाही, हे तिने बरं केलं. भूरला मग त्यांच्या बोलीत जमलेल्या माणसांशी काही बोलला. ते बराच वेळ बोलत होते. मला एकही शब्द कळला नाही. माझ्यासमोर माझ्याविषयी जे काय ठरत होतं ते मला न कळणाऱ्या भाषेत ठरत होतं, आणि तसंच असायला हवं होतं.

शेवटी रूमलीने आम्हाला सांगितलं, "बैठाएंगे. होली के बाद."

इराने न राहवून विचारलं, "उनके पत्थर पे भी घोड़ा बनाएंगे? उनको घोड़ा चलाना आता था?"

रूमली पहिल्यांदाच हसली. "साइकिल भी नहीं आती थी. पर घोड़ा तो सबका बनता है."

मी म्हणालो, चित्र मी काढून देतो. चांगला दगड बघू, रेघा मी आखून देतो, कारीगर त्यावरून कोरेल. आयुष्यभर तेच केलं आहे, मला येतं. बोलता बोलता मी बरंच बोलून गेलो.

ती माझं संपेपर्यंत थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"चित्र कारीगर बनाएगा," ती म्हणाली. "आप मत बनाना."

मग आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीजवळ मी तिला विचारलं, दगड बसेल त्या दिवशी मी आलो तर चालेल का.

"आना हो तो आना," ती म्हणाली. "नहीं आए तो भी बैठेगा."